येरवडा चक्र : आवड हातात उतरते तेव्हा

एखाद्या विषयाची आवड माणसाला दोन वाटांनी नेते. एक वाट त्या विषयाबद्दल वाचण्याची, ऐकण्याची, पाहण्याची. दुसरी तो विषय स्वतः करून बघण्याची. पहिल्या वाटेवर अडखळायला काही नसते. बागकामाचे व्हिडिओ पाहणाऱ्याचे रोप कधी सुकत नाही, कारण त्याच्याकडे कुंडीच नसते. गिटारवरचे लेख वाचणाऱ्याची बोटे सोलवटत नाहीत. माहितीचा ओघ कितीही वाढला तरी मनाला समाधानच मिळते आणि आपण या विषयात ‘आहोत’ अशी भावना पक्की होते. मोबाइलने हा ओघ चोवीस तासांचा केला, एवढेच. दुखणे जुने आहे आणि त्यावरचे उपायही जुनेच आहेत. त्यांतला एक पुण्याच्या येरवडा तुरुंगात घडला. तिथे एका कैद्याकडे वाचायला अमाप वेळ होता, पुस्तकांना फारशी आडकाठी नव्हती, आणि तरीही तो दिवसाचे काही तास चाकापाशी बसत असे.

महात्मा गांधी आणि चरखा ही जोडी आज इतकी सवयीची झाली आहे की तिची सुरुवात कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. १९०९ साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये गांधींनी हातमाग-चरख्याला देशाच्या दारिद्र्यावरचा उपाय ठरवले. पण आत्मचरित्रात त्यांनी पुढे स्पष्ट सांगून टाकले आहे की तेव्हा त्यांनी चरखा पाहिल्याचे आठवत नव्हते. १९१५ साली दक्षिण आफ्रिकेतून भारतात परतेपर्यंतही तो त्यांच्या दृष्टीस पडला नव्हता. म्हणजे मत तयार होते, त्यामागचा विचारही पक्का होता, आणि वस्तूचा मात्र पत्ता नव्हता. आपल्या आवडीच्या विषयावर ठाम मते असलेल्या कोणत्याही माणसाची अवस्था थोडीफार अशीच असते. फरक पुढच्या दहा वर्षांत पडला.

गांधींच्या आश्रमात सुरुवात मागांपासून झाली. माग आले, पण विणणारा कोणी नव्हता. पालनपूरहून एक जाणकार शिकवायला आला. त्याने आपली सगळी विद्या हातची सोडली नाही, तरी मगनलाल गांधी चिकाटीचे होते. त्यांनी विणकाम आत्मसात केले आणि आश्रमातले इतर लोक त्यांच्याकडून शिकले. कापड निघू लागले आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला: सूत गिरणीचे होते. हाताने विणलेल्या कापडात गिरणीचेच सूत असेल तर गिरणीवरचे अवलंबन कमी कसे होणार? मग चरखा शोधणे आले. १९१७ साली भडोचच्या एका परिषदेत गांधींची गंगाबेन मजुमदार यांच्याशी गाठ पडली आणि त्यांनी हा शोध अंगावर घेतला. खूप भटकंतीनंतर बडोदे संस्थानातल्या विजापूर गावी त्यांना चरखे सापडले. घरोघरी ते माळ्यावर टाकून दिलेले होते. कोणी पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, पुरवले आणि सूत विकत घेतले तर बायका कातायला तयार होत्या. आता पेळू कोठून आणायचे? आधी एका गिरणीतून आले, पण तेही गिरणीचेच. मग पिंजारी शोधावा लागला, मुलांना पेळू वळायला शिकवावे लागले, कापूस मिळवावा लागला. मुंबईत मणिभवनात गांधींच्या खोलीत चरखे फिरू लागले. शिकणाऱ्या स्त्रियांमध्ये अवंतिकाबाई गोखलेही होत्या.

या साखळीचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. माग चालू केल्यावर सुताचा प्रश्न दिसला, चरखा मिळाल्यावर पेळूचा, पेळू आल्यावर पिंजणाचा. यांतला एकही प्रश्न १९०९ च्या पुस्तकात नाही, आणि असणे शक्यही नव्हते. आणखी दहा पुस्तके वाचून ते सुचले असते असेही नाही. जो करतो त्यालाच आपल्याला काय कळत नाही ते कळते, आणि मग जी माहिती मिळवायची तिला नेमका पत्ता असतो. वाचत राहणाऱ्याला सगळीच माहिती सारख्या महत्त्वाची वाटते. म्हणून तिला अंत नसतो.

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादच्या न्यायालयाने गांधींना सहा वर्षांची शिक्षा दिली आणि काही दिवसांतच त्यांची रवानगी येरवड्याला झाली. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सुटका होईपर्यंत, म्हणजे ससून रुग्णालयात ॲपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन सरकारने उरलेली शिक्षा माफ करेपर्यंत, ते इथेच होते. या काळात त्यांनी सुमारे दीडशे पुस्तके वाचली. गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास, महाभारत, एच. जी. वेल्सचा जगाचा इतिहास, गटेचे ‘फाउस्ट’, शॉ, किपलिंग, शिवाय उर्दू आणि तमिळचा अभ्यास. आयुष्यात इतके सलग वाचन त्यांना आधी कधी जमले नव्हते. तुरुंगातून हकीम अजमल खान यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी दिवसाची वाटणी सांगितली आहे: सहा तास वाचन-लेखन, चार तास सूतकताई. तुरुंगात सक्तीने मिळालेली फुरसत आणि समोर पुस्तकांचा ढीग असताना चार तास बाजूला काढणे म्हणजे मोठाच हिस्सा झाला. वाचनाचे तासही निव्वळ ग्रहणाचे नव्हते. मुलांसाठी गुजराती ‘बालपोथी’ इथे लिहिली गेली, दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाच्या इतिहासाला सुरुवात इथेच झाली. आत घेतलेले काहीतरी रोज बाहेर पडत होते.

सूत कातणे हे वाचून का येत नाही, हे एकदा चाकापाशी बसल्याशिवाय पटत नाही. वर्णन अगदी सोपे आहे. पिंजलेल्या कापसाची बोटाएवढी जाड वळी म्हणजे पेळू. तो डाव्या हाताच्या अंगठा आणि दोन बोटांत सैल धरायचा. उजव्या हाताने चाक फिरवायचे. चाकावरची माळ चातीला, म्हणजे टोकदार बारीक काडीला, गरगर फिरवते, चातीच्या टोकाला लावलेल्या धाग्याला पीळ बसतो, आणि तो पीळ पेळूतल्या तंतूंना पकडून पुढे सरकत असतानाच डावा हात मागे खेचायचा. हात पुरता मागे गेला की चाक किंचित उलटे फिरवून टोकावरचा वेढा सोडवायचा आणि तयार झालेला धागा चातीवर गुंडाळायचा. पुन्हा पहिल्यापासून. कागदावर हे शंभरएक शब्दांत संपते.

प्रत्यक्षात नवशिक्याच्या हातून पहिल्या बैठकीत जे निघते त्याला सूत म्हणणे धाडसाचे ठरावे. कुठे सुतळीसारखी गाठाळ जाडी, कुठे केसासारखी बारीक, आणि ती बारीक जागा आली की तुटलेच. चाक जोरात फिरले आणि हात मागे पडला की पीळ जास्त होऊन धागा आपोआप वेटोळी घालतो. हात घाईने ओढला की पीळ बसण्याआधीच तंतू सुटून येतात. चिमटीचा दाब किती, हे कोणत्याही पुस्तकात सांगता येत नाही, कारण तो पेळूगणिक बदलतो. दमट दिवशी वेगळा, नीट न पिंजलेल्या कापसाला वेगळा. बोटे तो दर क्षणी ठरवतात, आणि ठरवायला शिकतात ते धागा तुटण्यातूनच. तुटल्यावर नवा धागा जोडणे ही स्वतंत्र कला आहे, आणि नवशिक्याला तिचा सराव भरपूर मिळतो. हळूहळू तुटण्याचे प्रमाण घटते. हे घटणे मोजता येते. सुताची लांबी, त्याचा नंबर म्हणजे बारीकपणा, त्याची मजबुती यांना मापे आहेत. ८४० वारांच्या किती लडी एका पौंडात बसतात त्यावर नंबर ठरतो. वीस नंबरचे सूत म्हणजे अशा वीस लडी. माहिती गोळा करण्याच्या छंदाला असे माप नसते. किती वाचले ते सांगता येते, त्यातून काय आले ते नाही.

मापाचे महत्त्व गांधींनी तुरुंगातून सुटल्यावर एका मोठ्या संघटनेवर लावून पाहिले. १९२४ साली काँग्रेसच्या सभासदत्वासाठी वर्गणीऐवजी दरमहा २,००० वार सूत देण्याची अट आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गांधी अध्यक्ष असलेल्या बेळगावच्या अधिवेशनाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. स्वराज्याबद्दल बोलणे पुरेसे नाही, रोज थोडे काही तरी हाताने करून दाखवा, असा त्याचा सरळ अर्थ होता. प्रयोग फसला. स्वतः कातायची इच्छा नसेल त्याला दुसऱ्याचे सूत देण्याची मुभा ठेवावी लागली होती, आणि ती पळवाट मुख्य रस्त्यापेक्षा रुंद निघाली. वर्षभरात अट सैल झाली आणि सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला अखिल भारतीय चरखा संघ हा वेगळा संघ निघाला. ज्यांना कातायचेच होते ते तिकडे गेले. यातला धडा आवडींनाही लागू पडतो. ज्याला विषयाभोवती वावरायचे आहे आणि ज्याला तो करायचा आहे, अशी दोन माणसे एकाच नियमाने बांधता येत नाहीत. एकाच माणसातली ही दोन मनेही नाहीत.

मिठाच्या सत्याग्रहानंतर ५ मे १९३० रोजी गांधींना अटक झाली आणि पुन्हा येरवडा आले. २६ जानेवारी १९३१ पर्यंतचा मुक्काम. या तुरुंगाला ते पत्रांत ‘येरवडा मंदिर’ म्हणत. दर मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर आश्रमवासीयांना लिहिलेली व्रतांवरची पत्रे पुढे ‘मंगलप्रभात’ म्हणून प्रसिद्ध झाली. त्यांत शरीरश्रमावरही एक प्रकरण आहे. स्वदेशीवरचे प्रकरण मात्र तुरुंगात लिहिले गेले नाही, कारण तो विषय राजकारणात शिरला असता आणि कैद्याने ती मर्यादा पाळायची होती. चाकावर मात्र अशी बंदी नव्हती. मोठा जुना चरखा प्रवासात नेण्यासारखा नव्हता. तो लहान, हलका आणि घडी होणारा कसा करता येईल यावर येरवड्याच्या कोठडीत प्रयोग झाले, आणि त्यातून आलेला पेटीतला चरखा ‘येरवडा चक्र’ या नावाने देशभर गेला. पेटी चरखा म्हणून आजही लोक ओळखतात तो हाच.

त्यातली अडचण समजली की युक्तीही समजते. चातीला वेग मिळतो तो मोठ्या चाकामुळे. चाक एकदा फिरले की माळेच्या दुसऱ्या टोकाची बारीक चाती अनेक फेरे घेते, आणि चाक जितके मोठे तितके फेरे जास्त. चाक लहान केले की पेटीत मावते, पण चाती मंद पडते आणि पीळ बसत नाही. येरवडा चक्रात एकाऐवजी दोन चाके आहेत. हाताने फिरणारे चाक माळेने दुसऱ्या चाकाच्या छोट्या पुलीला फिरवते, आणि ते दुसरे चाक दुसऱ्या माळेने चातीला. समजा पहिल्या टप्प्यात वेग सहापट झाला आणि दुसऱ्यात बारापट, तर एका फेऱ्याला चाती बहात्तर वेळा फिरेल. दोन्ही चाके पेटीच्या तळाशी आडवी बसतात. चाती आणि तिचा आधार दुमडून आत जातात. झाकण लावले की हातात धरून चालता येते. ही रचना चाकावर रोज तासन्‌तास घालवणाऱ्याच्या गरजेतून आली. माळ कुठे घसरते, मांडी घालून बसलेल्या माणसाचा खांदा कुठे अवघडतो, हे त्याला आधीच ठाऊक होते. येरवड्यात वापरलेला असा एक चरखा गांधींनी पुढे फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्याला दिला. २०१३ साली इंग्लंडमधल्या लिलावात तो १,१०,००० पौंडांना गेला. चरखा म्हणून ही किंमत हास्यास्पद आहे, कारण तेवढेच सूत काढणारा नवा चरखा तिच्या हजाराव्या हिश्शालाही पडणार नाही.

करून पाहणाऱ्याला यशाची हमी मिळते असे मात्र नाही. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. अटी कडक होत्या. यंत्राने आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत द्यावे, खेड्यातल्या झोपडीत बाईमाणसाला न थकता चालवता यावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, वीस वर्षे टिकावे. देशी-परदेशी अनेकांनी डोके लढवले. नांगर आणि पंप बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या किर्लोस्कर बंधूंचेही एक यंत्र पुढे आले. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. बक्षिसाविना, रोजच्या वापरातून आलेली दोन चाकांची पेटी मात्र घरोघर गेली.

जानेवारी १९३२ मध्ये गांधी पुन्हा येरवड्यात आले तेव्हा सोबत वल्लभभाई पटेल होते आणि मार्चपासून महादेवभाई देसाईही. महादेवभाईंच्या रोजनिशीमुळे या दिवसांचे बारीकसारीक तपशील शिल्लक राहिले आहेत. त्यांतले वल्लभभाईंचे चित्र या विषयाला फार उपयोगी आहे. छप्पन्न वर्षांचा हा बॅरिस्टर आणि बार्डोलीचा सेनानी तुरुंगात रद्दी कागदांची पाकिटे करीत बसे, आणि संस्कृत शिकू लागला. पुस्तक होते औंधच्या स्वाध्याय मंडळाचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांची संस्कृत पाठमाला. सातवळेकर मूळचे चित्रकार, सावंतवाडीजवळच्या कोलगावचे. शिक्षकाविना घरी बसून संस्कृत येईल अशा रीतीने त्यांनी धडे रचले होते: थोडे शब्द, लगेच वाक्ये, लगेच वाचन. व्याकरणाचा डोंगर आधी चढायचा आणि मग भाषेकडे जायचे, हा शाळेतला शिरस्ता त्यांनी उलटा केला. वल्लभभाई शिकलेला शब्द त्याच दिवशी बोलण्यात घुसवत, बरोबर असो वा नसो, आणि बाकीचे दोघे हसत. त्यांची गती पाहून गांधींनी पत्रांतून तोंडभर कौतुक केले आहे. चुकीचे संस्कृत बोलायची लाज न वाटणे हे त्या गतीचे अर्धे कारण असावे. पुष्कळांची आवड वर्षानुवर्षे माहितीच्या टप्प्यावर अडकते ती आळसापेक्षा या लाजेमुळेच. वाचणारा चुकत नाही, करणारा सर्वांदेखत चुकतो.

ताऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९३० च्या मुक्कामात गांधींना सोबती मिळाले होते ते काका कालेलकर. काका साताऱ्याचे, मराठीभाषक, पण गुजरातीतले थोर लेखक. आकाशदर्शनाचे त्यांना वेड होते. ते गांधींना तारे दाखवत. गांधींना त्यात खरी गोडी लागली ती १९३२ मध्ये, काका जवळ नसताना. मग पुस्तके मागवली गेली, तुरुंगात दुर्बीण आली, आश्रमातल्या मुलांना लिहिलेल्या पत्रांत नक्षत्रे डोकावू लागली. इथे पुस्तक आणि आकाश यांचा क्रम लक्षात घ्यावा. रात्री पाहिलेला एक अनोळखी तारा दुसऱ्या दिवशी पुस्तकात शोधायचा, आणि पुस्तकात सापडलेला रात्री पुन्हा पडताळायचा. 

त्याच १९३२ साली गांधींचे कोपर दुखू लागले. सूतकताई थांबवणे हा सोपा मार्ग होता. त्यांनी मगन चरखा घेतला. प्रभुदास गांधींनी बनवलेल्या या चरख्याचे चाक पायाने फिरते आणि त्याला दोन चात्या असतात, म्हणजे दोन्ही हात धागे ओढायला मोकळे. साठी ओलांडलेल्या माणसाला हे सगळे नव्याने शिकावे लागले आणि पहिले काही दिवस सूत सारखे तुटत राहिले.

पाहणे आणि करणे यांत मन इतके का फसते, यावर अलीकडे प्रयोग झाले आहेत. शिकागो विद्यापीठातले मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन थेट या मुद्द्याचे आहे. टेबलावरची भांडी न पाडता खालचा कपडा ओढून काढणे, डार्ट फेकणे, मायकेल जॅक्सनची ‘मूनवॉक’ची चाल अशा कसबांचे व्हिडिओ त्यांनी लोकांना दाखवले, काहींना एकदा, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांना आपल्याला हे जमेल याची खात्री बरीच जास्त वाटली. डार्ट हातात दिल्यावर नेम मात्र तेवढाच लागला. त्याच संशोधनातला दुसरा तपशील अधिक बोलका आहे. हातांत वस्तू उडवून झेलण्याचा खेळ पाहून आत्मविश्वास आलेल्यांना ती वस्तू क्षणभर नुसती हातात धरायला दिली, तर फुगलेला विश्वास खाली आला. वजन कळले, आकार कळला, आणि व्हिडिओत काय दिसत नव्हते ते कळले. चाकाला हात लावण्याचा परिणाम हाच असतो. तो नाउमेद करतो असे वाटते, प्रत्यक्षात तो पहिल्यांदाच खरी माहिती देतो.

निव्वळ पुस्तकी विषयांतही हे खरे ठरते. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मग कागद बंद करून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे. वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि ओळखीलाच माणूस ज्ञान समजतो. आठवून लिहिताना मात्र भोके दिसतात. इतिहासाची आवड असलेल्याने एका गडाचे स्वतःचे टिपण लिहिणे, पाककृती पाहणाऱ्याने ती एकदा करून घरच्यांना वाढणे, पक्ष्यांवरची पुस्तके जमवणाऱ्याने खिडकीतून दिसलेल्या पक्ष्याची तारीख-वेळेसह नोंद करणे, ही सगळी त्याच जातीची कामे आहेत.

करणाऱ्याच्या हाती काही वेळा असे ज्ञान लागते की ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळाले नसते. विनोबा भाव्यांनी १९३० च्या दशकात वर्ध्याजवळच्या नालवाडीला केवळ कताईच्या मजुरीवर जगायचे ठरवले आणि दिवसाचे आठ-आठ तास सूत काढले. हात तयार, कसब उत्तम, आणि तरीही त्या मजुरीत पोट भरत नव्हते. खादीचे अर्थशास्त्र लिहिणाऱ्या कोणाही विद्वानाला जे आकड्यांत दिसत होते ते त्यांना ताटात दिसले. कातणाऱ्या बाईला पोटापुरते मिळाले पाहिजे, हा आग्रह त्यानंतर धरला गेला आणि १९३५ साली चरखा संघाने मजुरी वाढवण्याचे धोरण घेतले. खादी त्यामुळे महाग झाली, खप घटण्याची भीतीही खरी होती. तो वाद वेगळा.

पुण्यातच १९४६ साली या तत्त्वाचा फटका एका छायाचित्रकाराला बसला. ‘लाइफ’ मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधींचा चरख्याजवळचा फोटो घ्यायला आल्या. गांधींच्या चिटणीसाने त्यांना विचारले, तुम्हाला कातता येते का? येत नव्हते. मग आधी शिका, म्हणजे चरखा काय आहे ते कळेल आणि मगच फोटो काढा, अशी अट पडली. धागा तोडत तोडत त्या जेमतेम शिकल्या. पुढे मोजके फ्लॅश बल्ब वापरून अंधाऱ्या खोलीत घेतलेला तो फोटो विसाव्या शतकातल्या सर्वांत परिचित छायाचित्रांपैकी एक झाला. त्यात चरखा पुढे, मोठा आहे आणि माणूस मागे. ही मांडणी शिकल्यामुळे सुचली की कसे, हे सांगता येणार नाही. पण चरखा कोपऱ्यात ढकललेला नाही एवढे दिसते.

या सगळ्यातून व्यवहाराच्या काही गोष्टी निघतात. कृतीचा वाटा लहान पण ठरलेला असावा. अर्धा तास, सुताची एक गुंडी, एक पान. तो मोजता येईल असा असावा. साधन हाताशी असावे. येरवडा चक्राचे निम्मे यश ते चाक कोपऱ्यात पडून न राहता माणसाबरोबर फिरू शकले यात आहे, आणि कपाटाच्या वर ठेवलेल्या हार्मोनियमचे अपयशही तिथेच आहे. साधनांची खरेदी मात्र जपून करावी. महागडा कॅमेरा, ट्रेकिंगचे बूट, रंगांचा मोठा संच घेतला की काम सुरू झाल्यासारखे वाटते, तो माहिती गोळा करण्याचाच खर्चिक प्रकार आहे. सूतकताई शिकणाऱ्याला पूर्वी चरख्याआधी टकळी देत. लाकडाची किंवा धातूची एक काडी आणि खाली चकती. फुकटात जमण्यासारखी वस्तू, आणि तिच्यावर पीळ कळला की चाकावर बसायचे.

उलट बाजूही आहे. काही विषयांत आधी शिकून मगच हात घालावा लागतो. विजेचे काम, औषधे, कड्यावरची चढाई, रानातल्या अळंब्या ओळखून खाणे. तिथे धागा तुटत नाही, माणूस जातो. अशा ठिकाणी जाणकाराच्या देखरेखीखाली करणे हीच कृती, पालनपूरच्या त्या विणकरासारखा हातचे राखणारा जाणकार मिळाला तरीही. शिवाय प्रत्येक आवड हातात उतरलीच पाहिजे अशी सक्तीही नाही. क्रिकेट बघणाऱ्या सगळ्यांनी बॅट धरावी असे कोणी म्हणत नाही, गाणे ऐकणारा रसिक गायकाइतकाच गरजेचा असतो. प्रश्न येतो तो ‘आपल्याला हे करायचे आहे’ असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्यांचा.

१८७१ साली बांधलेल्या येरवडा मध्यवर्ती कारागृहात गांधींच्या कोठडीचे आवार ‘गांधी यार्ड’ म्हणून जपलेले आहे, आणि २६ जानेवारी २०२१ पासून राज्य सरकारने सुरू केलेल्या तुरुंग पर्यटनात तिथे बाहेरच्यांना जाता येऊ लागले. त्याच भिंतींआड हातमाग, सुतारकाम, शिवणकाम यांचे कारखाने चालतात आणि कैद्यांनी केलेला माल विक्रीला येतो. पेटी चरखाही अजून बनतो. खादी संस्थांकडे तो मिळतो, आणि पेळूही. जुन्या ८४० वारांच्या लडीची जागा आता १,००० मीटरच्या गुंडीने घेतली आहे. सरावलेला हात पेटी चरख्यावर ती दोन-तीन तासांत पुरी करतो. नवशिक्याला पहिल्या गुंडीला कित्येक दिवस लागतात.